खुर्ची बघून ये

१

आमच्या ऑफिसात एक आत्याबाई आहे. तिला पगार नाही, खुर्ची नाही, जेवणाची सुट्टी नाही. दिवसभर सगळ्यांवर डोळा ठेवायचा आणि कुणाचं काही इकडचं तिकडे झालं की बोंब ठोकायची, एवढंच तिचं काम. म्हणजे आहे ते कॉम्प्युटरमधलं एक यंत्रच. कंपनीने दिलेलं नाव लांबलचक, जिभेला गाठ पडेल असं. आत्याबाई हे नाव ठेवलं माझ्या धाकट्या भावाने. "तायडे, हिला बघितलं की आपली आत्याच आठवते. कोण आलं, कोण गेलं, कोण हसलं, कोण नाही हसलं!"

आमचं ऑफिस शहराला पाणी पुरवतं. तळमजल्यावर कंट्रोल रूम आहे, पंप आणि वॉल्व्ह तिथून चालतात. माझा भाऊ तिथे बसतो. लहानपणापासून दिसेल त्या पाण्यात सूर मारायचा म्हणून सगळे त्याला खंड्या म्हणतात. मी वरच्या मजल्यावर, सुरक्षा विभागात. दुसऱ्या एका शहरात कुणीतरी चोरलेल्या पासवर्डने, लांब कुठेतरी बसून, टाकीतल्या औषधाचं माप वाढवलं होतं. वेळीच कळलं म्हणून निभावलं. त्या बातमीने आमच्या वरिष्ठांच्या तोंडचं पाणी पळालं आणि आत्याबाई आमच्याकडे आली.

तिला कुणी नियम शिकवले नाहीत. तिने काही महिने आम्हाला नुसतं पाहिलं. कोण बोटं आपटतं, कोण कुठल्या अक्षरापाशी अडखळतं, चुकलेलं खोडताना कोण चिडतं. असं बघून बघून ती प्रत्येकाचा हात ओळखायला लागली. पासवर्ड चोरता येतो, हात कसा चोरणार? हात निराळा वाटला की माझ्या पडद्यावर लाल पट्टी येते: या नावाने बसलेला हात ओळखीचा नाही. खाली दोन बटणं असतात, आपला आणि परका. मी जे दाबेन त्यातून ती पुढचं शिकते.

आमच्या प्रमुखांना आम्ही कुलूपसाहेब म्हणतो, कारण ते स्वतःच्या डब्यालाही कुलूप लावतात. एकदा ते एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने टाइप करत होते, तर आत्याबाईने त्यांनाच परका ठरवून बाहेर काढलं. हसून हसून आमची पुरेवाट झाली. त्याच दिवशी त्यांनी नियम काढला. लाल पट्टी आली की बसल्या जागी बटण दाबायचं नाही. उठायचं, जायचं, त्या खुर्चीत कोण बसलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग दाबायचं. तेव्हापासून आमच्याकडे दिवसातून कितीदा तरी ऐकू येतं, "जरा खुर्ची बघून ये गं."

२

तळघरात जुनी पंपाची खोली होती. नवे पंप आले तशी ती कायमची बंद करायची ठरली. शेवटचं आवरायला खंड्या खाली गेला.

त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या कफाचं बटण तुटलं. पांढरा दोरा सापडेना, म्हणून मी लाल दोऱ्याने लावून दिलं. "मला काय जोकर समजलीस?" म्हणून तो ओरडला. मीही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हे. "मग स्वतः लावायचं होतंस, हात काय भाड्याने दिलेत?" आई मध्ये पडायला आली, तर तिच्यावर खेकसला. बाबा गेल्यापासून तो आईशी धड बोलत नव्हता. बाबांना वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, हा राग त्याने तिच्यावरच काढला. ती बिचारी ताट वाढायची आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो तळघरातून वर आला. मी जिन्यात उभी होते. अंगावर ना घाम, ना धूळ. त्या खोलीत नुसतं डोकावलं तरी माणूस कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा दिसायचा. "झालं का रे?" मी विचारलं.

"झालं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला. "दमलीस का ताई?"

ताई! जन्मात कधी त्याने मला ताई म्हटलं नव्हतं. मला वाटलं, सकाळच्या भांडणाची भरपाई चालली आहे. जाता जाता त्याच्या कफाकडे लक्ष गेलं. बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं होतं.

दिलं असेल कुणाकडून तरी बदलून, मी मनात म्हटलं. जागेवर येऊन बसले, तर पडद्यावर लाल पट्टी. खंड्याच्या नावाने बसलेला हात ओळखीचा नाही.

३

मी नियमाप्रमाणे खाली गेले. कंट्रोल रूममध्ये, खंड्याच्या खुर्चीत, खंड्या बसला होता. तेच नाक, तीच कानामागची जखमेची खूण. तो पहिलीत असताना मीच त्याला ढकललं होतं, तेव्हाची.

"हाताला लागलंय का काही?"

"दार आपटलं बोटावर," तो म्हणाला. बोटं मला तर चांगली दिसली. वर येऊन मी 'आपला' दाबलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी आपली खाली-वर, खाली-वर. कुलूपसाहेब म्हणाले, "भावाला भेटायला निमित्त बरं सापडलंय." मी हसले, पण मनात कुसळ शिरलं ते शिरलंच.

एकदा मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नुसतं ऐकत राहिले. खंड्या टाइप करायचा म्हणजे पोरं पत्र्यावर दगड मारतात तसा. आणि शेवटी एंटरचं बटण दाबायची त्याची त्याची पद्धत होती: टक-टक, जरा थांबून, टक. घरची बेल बिघडली होती तेव्हा तो दारही तसंच ठोकायचा. बाबा आतूनच म्हणायचे, "आला धटिंगण." आता मात्र त्याची बोटं कळफलकावर पाऊसही पडणार नाही इतकी हलकी पडत होती. एंटर एकदाच, हळूच.

"अरे, तू किती शहाण्यासारखा टाइप करायला लागलास!" मी म्हटलं. "आधी नुसता धिंगाणा असायचा. प्रत्येक शब्द दोनदा खोडायचास."

"हो का?" त्याने मान वळवली. डोळे माझ्या तोंडावर रोखलेले, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. "आणि काय करायचो मी?"

मी काहीबाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक शब्द दोनदा खोडत होता.

४

घरी तर आनंदीआनंद होता. खंड्या वेळेवर येत होता, बेल वाजवून. चपला जागेवर ठेवायचा. आईने केलेलं सगळं खायचा, नावं न ठेवता. जेवताना तो गोष्टी ऐकायला मागायचा. "ताई, मी लहानपणी कसा होतो गं?" आईला तेवढंच हवं होतं. तो कुठे पडला, कशाला घाबरायचा, आजारपणात काय बरळायचा, सगळं ती सांगत सुटायची आणि मी भर घालायचे. तो घास हातात तसाच धरून ऐकायचा. मग एक-दोन दिवसांत त्यातलं काहीतरी त्याच्या वागण्यात उतरायचं. मी सहज म्हटलं की तू मला तायडे म्हणायचास. पाणी प्यायला उठलेला तो दारातूनच म्हणाला, "तायडे." अगदी तस्साच आवाज.

मी हातातला घास ताटात ठेवला. आत्याबाई आम्हाला बघून बघून शिकली. तसं कुणीतरी खंड्याला बघून बघून शिकत असेल तर? आणि त्या दोघांनाही शिकवणारी मीच की! तिथे 'आपला' दाबून, इथे गोष्टी सांगून.

मग मी स्वतःलाच झापलं. बाई, तू शिकलेली आहेस, पालीला चप्पल फेकून मारणारी आहेस. माणूस सुधारत नाही का कधी? पण दार ठोकण्याची ती गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. आईलाही सांगू दिली नाही. का, ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

सुट्टीच्या दिवशी तो आंघोळीला गेला होता. आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दार लोटून घेतलं. "आई, खंड्यात काही फरक वाटतो तुला?"

"वाटतो," ती म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? वाटतो. नऊ महिने पोटात वाढवलंय, मला कळणार नाही होय?" तिने त्याच्या शर्टाची घडी घातली, मग उलगडून पुन्हा घातली. "परवा माझे पाय चेपून दिले त्याने. आई म्हणाला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला कुणी या घरात आई म्हणून हाक मारली."

"अगं, मी मारते की!"

"तुझं निराळं." तिचे डोळे भरले होते. "तू उगाच खाजवून खरूज काढू नकोस. आहे ते चांगलं आहे."

आत नळाचा आवाज थांबला. मी लोटलेलं दार उघडलं.

५

हळूहळू लाल पट्ट्या बंद झाल्या. आत्याबाईला हा हात पटला. आणि मग दुसरीच पट्टी यायला लागली.

खंड्याच्या नावाने कुणी परका आत येऊ पाहतोय. रोखला.

हा प्रयत्न खंड्याच्या खुर्चीवरून होत नव्हता. तळघरातल्या जुन्या पंपाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून होत होता. पासवर्ड बरोबर होता. फक्त हात परका, म्हणून आत्याबाई दार उघडत नव्हती.

कुलूपसाहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघितलंत? खराखुरा हल्ला! तिकडची वायर काढायची राहिली असणार, कुणीतरी बाहेरून तिच्यात शिरलंय. पैसे वसूल केले की नाही बाईने?"

"पण साहेब, खोलीत कुणी असेल तर?"

"तिथे? अहो, जुना पंप बंद केल्यापासून जमिनीतलं पाणी झिरपतंय. गुडघ्याच्या वर गेलंय. कोण बसणार, मासा?"

तळघरातून एक जाड पाइप माझ्या टेबलामागून वर जातो. पूर्वी त्यातून पंपाची घरघर यायची, आता तो मुका होता. त्या दिवशी पट्टी आली आणि त्याच वेळी पाइपात आवाज झाला. टक-टक. जरा थांबून, टक.

मी पाणी प्यायले. पाइप आहे, थंड-गरम झाला की वाजतोच, मी स्वतःला म्हटलं. पुन्हा पट्टी आली, पुन्हा तोच आवाज आला. मी या अनोळखी हाताच्या नोंदी मागवल्या. आत्याबाईने खंड्याचा जो हात अगदी पहिल्यांदा शिकून घेतला होता, त्याच्याशी ताडून बघितल्या. रेघेवर रेघ बसली.

परक्याचा हात खंड्याचा होता. आणि माझ्या 'आपला'ने मी तो परका करून ठेवला होता.

६

मी धावत कंट्रोल रूममध्ये गेले. तळघरातल्या उपशाचा पंप तिथूनच सुरू होतो. "खंड्या, तळघरातलं पाणी उपस. आत्ताच्या आत्ता."

"उपसतो की," तो म्हणाला. त्याचा हात हलला नाही. "कशाला पण, तायडे?"

मी वळले. सरळ जिना उतरले. खुर्ची बघून ये म्हणतात ना, मग बघायलाच हवी.

दुपारची वेळ होती. वर लोक चहा घेत होते, त्यांचं हसणं जिन्यात ऐकू येत होतं. शेवटच्या पायऱ्या पाण्यात होत्या. मी साडी वर खोचून उतरले, पाणी मांड्यांना लागलं, बर्फासारखं. खोलीच्या दाराला मोठं कुलूप, वरच्या भागात जाळीची काच. आतल्या झरोक्यातून उजेड येत होता. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा खोल होती; टेबल दाराला लागूनच होतं, टेबलावर पाणी चढलं होतं, आणि पाण्याखाली पडद्याचा निळा उजेड दिसत होता. तो कॉम्प्युटर चालूच कसा असेल? मी हाताने काच पुसली.

खुर्ची रिकामी नव्हती.

नीट दिसलं असं मी म्हणणार नाही. काच धुरकट होती आणि माझे डोळे माझ्या ताब्यात नव्हते. एक बाही पाण्याबाहेर आली, इतकंच बघितलं. कफाचं बटण लाल दोऱ्याने लावलेलं होतं. बोटं खाली गेली. टक-टक. थांबून टक. आधीपेक्षा सावकाश, दमल्यासारखी.

मी ओरडले तेव्हा कुलूपसाहेब टॉर्च घेऊन आले. बिचारे बुटांसकट पाण्यात उतरले, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिले. "पाणी आहे," ते म्हणाले. "बाकी काही नाही. खुर्चीसुद्धा दिसत नाही, बुडाली असेल. चला वर, तुम्हाला थंडी भरलीय." मी पुन्हा काचेला डोळा लावला. काळं पाणी होतं, काठोकाठ.

७

वर माझ्या जागेवर बसवून कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. समोर पडद्यावर पट्टी होती, पण या वेळी, मी जुन्या नोंदीशी ताडून बघितल्यामुळे असेल, आत्याबाई स्वतः ठरवत नव्हती. तिने मला विचारलं होतं. खंड्याच्या नावाने हा हात आत येऊ पाहतोय. आपला की परका? एका नावावर एकच हात राहतो. एकाला आत घेतलं की दुसरा बाहेर.

"परका दाबा आणि मोकळ्या व्हा," कुलूपसाहेब म्हणाले. "मी स्वतः बघून आलोय. खुर्ची नाही तिथे." आणि ते बूट काढायला गेले.

माझ्यामागे खंड्या उभा होता. कधी आला ते कळलं नाही. त्याने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, मग शेजारची खुर्ची ओढून तीत बसला. "ही पण बघ ना, तायडे," तो मऊ आवाजात म्हणाला. "या खुर्चीत कोण आहे?"

मी बघितलं. कानामागची खूण होती, नाक होतं, सगळं होतं. माझा फोन वाजला. त्याने तो उचलून माझ्या कानाला लावला. आई होती. "खंड्या निघाला का गं? म्हणावं लवकर ये, मी जेवायची थांबलेय." किती हसरा आवाज तिचा! बाबा गेल्यापासून ऐकला नव्हता.

पाइपात टक-टक झालं. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक टक, अगदी क्षीण.

मला रडू फुटलं. मला माझा खंड्या हवा होता, खेकसणारा, जोकर समजलीस का म्हणून भांडणारा. पण त्या पाण्यात इतके दिवस राहून आता जे काही वर येईल, तेही खंड्याच असेल का? आणि नसेल, तर आईला काय सांगू? मी डोळे मिटले आणि 'परका' दाबलं.

पाइप शांत झाला.

८

आम्ही दोघं मिळून घरी गेलो. दारापाशी मी बेलकडे हात नेला, तर त्याने तो अलगद बाजूला केला आणि दार ठोकलं. टक-टक. जरा थांबून, टक.

हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

आत आईच्या हातातलं भांडं पडलं. तिने दार उघडलं तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती. "आला गं माझा धटिंगण," ती म्हणाली, आणि त्याला घट्ट धरलं. त्याच्या बाहीतून उंबऱ्यावर पाणी ठिबकत होतं. तिने ते पायपुसण्याने पुसून टाकलं.

सकाळी मी माझ्या जागेवर बसले. पासवर्ड घातला. कामाला लागले, आणि ऑफिसात हशा पिकला. पलीकडच्या खोलीत, कुलूपसाहेबांच्या पडद्यावर लाल पट्टी आली होती, माझ्या नावाची. या नावाने बसलेला हात ओळखीचा नाही.

मी माझ्या हातांकडे बघितलं. कालपासून ते थरथरत होते, त्यामुळे असेल. थंडीने असेल. बोटांची टोकं सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

"अरे खंड्या," कुलूपसाहेबांनी आतून हाक मारली, "तू वर आलाच आहेस, तर जरा तुझ्या ताईची खुर्ची बघून ये रे."

तो आला. माझ्यासमोर उभा राहून त्याने मला नीट, सावकाश बघितलं, केसांपासून पायापर्यंत. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. मग तो हसला, आत वळून म्हणाला,

"दाबा साहेब. आपलीच आहे."